मंगलच्या वेडेपणाचा दाखला

सुशीलाला जीपमधून आणलं. मंगलला बाजेवर.

दोघी एकाच वर्गात, एकाच सकाळी, पाच-दहा मिनिटांच्या अंतरानं कोसळल्या होत्या. शाळेपासून आमचं आरोग्य केंद्र सहा मैल. जीपमध्ये दोघींना जागा होती. पण जीप शाळेच्या अध्यक्षांची होती आणि सुशीला त्यांची मुलगी. मंगलच्या बापानं आणि भावकीतल्या तिघांनी तिला बाजेवर घातलं आणि उन्हातून पायी आणलं. ते पोचले तेव्हा जीप येऊन दोन तास झाले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणी जिल्ह्यातला तालुका होता. आमचं केंद्र जवळा बाजारच्या आतल्या अंगाला. सहा खाटा, एक सिस्टर, एक कंपाउंडर आणि मी. मी सव्वीस वर्षांचा मेडिकल ऑफिसर, प्रोबेशनवर. प्रोबेशन म्हणजे नोकरी अजून पक्की झालेली नाही, वरच्यांचा शेरा वाईट आला तर घरी जायचं. शाळेच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत.

आधी सुशीलाचं सांगतो, कारण आधी तिलाच तपासलं.

सोळा वर्षांची मुलगी. डोळे घट्ट मिटलेले, दातखीळ बसलेली, हातपाय ताठ. फिट दोन तऱ्हेची असते. एक मिरगीची. तीत पेशंटची जीभ चावली जाते, कपड्यांत लघवी होते, डोळ्यांवर बॅटरी मारली तरी बाहुली लहान होत नाही. दुसरी मनावरच्या ताणातून येते. तिला आम्ही त्या वेळी हिस्टेरिकल फिट म्हणायचो. तीत पापणी उघडायला गेलं की पेशंट ती आणखी घट्ट मिटतो. पण तो नाटक करत नसतो. हे मुद्दाम सांगतो. मन जे बोलू शकत नाही ते शरीर करून दाखवतं, इतकाच त्याचा अर्थ. तिला औषध कमी लागतं. कोणीतरी शांतपणे ऐकून घ्यावं लागतं.

सुशीलाची फिट दुसऱ्या तऱ्हेची होती. मी अध्यक्षांना माझ्या खोलीत बसवलं, चहा सांगितला, दार लोटून घेतलं. सिस्टर वाघमारे मुलीला वारा घालत होत्या. मी स्टूल ओढून बसलो आणि विचारत गेलो. झोप लागते का. जेवण जातं का. परीक्षेची भीती वाटते का. घरात कोणी रागावतं का. मॅट्रिकची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मला वाटलं होतं, तेच निघेल.

अर्ध्या तासानं ती रडायला लागली.

"तांब्या मीच दिला होता तिला," ती म्हणाली.

"कोणाला?"

"मंगलला. शिपाई आला नव्हता त्या दिवशी. त्यायच्या पोरी रांजणाला हात लावत न्हाईत, शिपाई वरून ओततो. मंगल म्हणली, लई तहान लागली. मी म्हणलं, घे की मग. तांब्या बुडवून मीच दिला."

"मग?"

"हेडसरांनी तिच्या हातात पाह्यला. तिला रांजण फोडायला लावला. समद्या शाळेसमोर. मग खापरं ओच्यात भरून गावाबाहेर टाकून ये म्हणले. ती भरत होती आन् समदे पाहून राहिले होते. मी बी."

"तू सांगितलं नाहीस, तांब्या मी दिला म्हणून?"

तिनं मान हलवली. नाही.

हे तीन दिवसांपूर्वी झालं होतं. त्यानंतर मंगल शाळेत येत होती, पण कोणाशी बोलत नव्हती. आज वर्गात मंगल पडली आणि तिला पडलेली पाहून सुशीला पडली. डॉक्टरला याहून सरळ हिस्टरी मिळत नाही. हिस्टरी म्हणजे आजाराची आधीची हकीकत.

मी सुशीलाला झोपेची हलकी गोळी दिली. "तुझी चूक नाही," असं दोनतीनदा सांगितलं. अध्यक्षांना म्हणालो, "परीक्षेचं टेन्शन आहे. चार दिवस विश्रांती द्या. रागावू नका." केसपेपरवर लिहिलं, अँग्झायटी, म्हणजे चिंता, विश्रांतीचा सल्ला. रांजणाचं काही लिहिलं नाही. तिच्या बापाच्याच शाळेबद्दल तिच्याच कागदावर कशाला लिहायचं, असं मनात आलं. अध्यक्ष जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, तुमी देवमाणूस आहात." मला बरं वाटलं.

मग मंगलची बाज आली.

सिस्टर तोवर एका बाळंतिणीकडे गेल्या होत्या. मी हात धुऊन येईपर्यंत कंपाउंडरनं मंगलच्या नाकाशी अमोनियाची बाटली धरली होती आणि जबडा दाबून ठेवला होता. फिट 'उतरवायला' तेव्हा असं करायचे. नाकातून घशापर्यंत आग होते. सुशीलाच्या वेळी ती बाटली कपाटातून निघाली नव्हती. मी त्याला बाजूला केलं. पापणी उघडून पाहिली. तीच फिट. तसूभरही फरक नाही.

बाप हात जोडून उभा होता. ग्यानोबा त्याचं नाव. शेतमजुरी करायचा. बुद्धवाड्यातली पहिली मॅट्रिकला बसणारी मुलगी त्याची होती.

"साहेब, लेकराला शाळंत लई तकलीफ झाली. तिला जरा इचारून पाहा."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

आणि खरंच मला माहीत होतं. सुशीलानं सांगितलं होतं. म्हणून मी मंगलला काही विचारलं नाही. तिला लारगॅक्टिलचं इंजेक्शन दिलं. ते अनावर झालेल्या पेशंटला शांत करायचं औषध. ती अनावर नव्हती. निपचित पडली होती. पण इंजेक्शननं ती झोपली, व्हरांडा शांत झाला आणि मी पुढच्या पेशंटकडे वळलो. केसपेपरवर लिहिलं, हिस्टेरिया. ऊन उतरल्यावर चौघांनी तिला परत नेलं. ती झोपेतच होती.

मी स्वतःला जात न मानणारा समजायचो. कॉलेजात सगळ्यांच्या ताटात जेवलो होतो. त्या दिवशीही मला कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की दोघींना मी सारखंच तपासलं.

पुढच्या आठवड्यात त्या शाळेत आणखी चार मुलींना चक्कर आली. असं होतं. एका वर्गात एकीला फिट आली की भेदरलेल्या आणखी दोघीतिघींना येते. सगळ्यांना धीर दिला की आठवड्याभरात थांबते. पण गावात वेगळंच सुरू झालं. मंगलनं करणी केली, असं लोक बोलू लागले. खापरं टाकायला ती स्मशानाकडून गेली होती, तिथून काहीतरी घेऊन आली, असं. लोकांनी मुलींना शाळेत पाठवणं बंद केलं.

अध्यक्ष पुन्हा आले. या वेळी मुलगी सोबत नव्हती.

"सुशीला कशी आहे?"

"एकदम बराबर. अभ्यासाला बसून राहिली. तुमचा गुण आला." मग ते खुर्ची पुढे ओढून बसले. "डॉक्टर, त्या दुसऱ्या पोरीचं काय करायचं? तिचं डोस्कं फिरलंय. हेडसरांच्या हाताला चावली. दगड मारून राहिली. काल कपडे फाडले म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"समदं गाव म्हणतं. हे पाहा, मला तिच्याबद्दल वाकडं न्हाई. गरिबाचं लेकरू आहे. मोठ्या दवाखान्यात तिच्यावर इलाज व्हावा, एवढंच आमचं म्हणणं. सरकारी आहे, फुकट होतो. हितं राहिली तर लोक तिला मारतील. मंग जिम्मेदारी कुनाची?"

त्यांच्या बोलण्यात कुठंही राग नव्हता. म्हणूनच ते मला पटत गेलं. मी म्हणालो, "आणा तिला. पाहतो."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातला जमादार तिला घेऊन आला. अध्यक्ष आणि हेडमास्तर मागोमाग. सिस्टर वाघमारे लसीकरणाच्या फिरतीवर गेल्या होत्या.

मंगल पहिल्यांदाच माझ्यासमोर शुद्धीत उभी होती. उंच, सावळी, शाळेचाच निळा परकर. मनगटं सुंभानं बांधलेली.

"हात सोडा तिचे," मी म्हणालो.

"चावते साहेब," जमादार म्हणाला.

मी पुन्हा म्हणालो नाही.

त्यानं छापील फॉर्म टेबलावर ठेवला. वेड्यांबद्दलचा इंग्रजांच्या काळातला कायदा तेव्हा चालू होता. माणूस वेडा आणि धोकादायक आहे असं पोलिसांना वाटलं तर ते त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करत. डॉक्टरचा दाखला जोडला की मॅजिस्ट्रेट मेंटल हॉस्पिटलात पाठवायचा हुकूम काढी. दाखल्यात दोन रकाने. एकात डॉक्टरनं स्वतः काय पाहिलं ते लिहायचं. दुसऱ्यात इतरांनी काय सांगितलं ते.

मी विचारलं, "नाव काय तुझं?"

ती गप्प.

"आज वार कोणता?"

गप्प.

"सरांना दगड मारलास का?"

तिनं एकदा अध्यक्षांकडे पाहिलं. मग हेडमास्तरांकडे. मग जमिनीकडे. आता मला कळतं की त्या खोलीत त्या चार पुरुषांसमोर कुठलंही उत्तर तिच्या उपयोगाचं नव्हतं. तेव्हा मी पहिल्या रकान्यात लिहिलं: प्रश्नांना उत्तरे देत नाही, एकटक जमिनीकडे पाहते. दुसरा रकाना भरून वाहिला. चावते, दगड मारते, कपडे फाडते, इतर मुलींवर परिणाम. सांगणारे दोघे समोरच होते, एकजण एकेक शब्द सावकाश सांगत होता. शेवटी मत: मनोरुग्ण, स्वतःस व इतरांस धोकादायक.

सही केली. शिक्का मारला. पंधरा मिनिटं लागली असतील.

ग्यानोबा बाहेर लिंबाखाली बसला होता. त्याला आत येऊ दिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. मी विचारलंही नव्हतं.

सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी परत आल्या. कंपाउंडरनं त्यांना सांगितलं असावं. त्या माझ्या खोलीत आल्या, कपाटातून दोन केसपेपर काढले आणि माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले.

सिस्टर वाघमारे पस्तिशीच्या होत्या. नांदेडकडच्या. मला सर म्हणायच्या, कधी आवाज चढवायच्या नाहीत. वर्षभरात त्यांनी मला उलट प्रश्न केला नव्हता.

"सर, दोघींना एकच आजार होता ना?"

"हो."

"मग एक परीक्षेला चालली आणि एक कोठडीत?"

"सिस्टर, नंतर ती हिंसक झाली. चावली. दगड मारले."

"दगड नाही मारले. चावली, ते खरं आहे." त्या उभ्याच होत्या. "मी मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेले होते. ती हॉल तिकीट घ्यायला शाळेत गेली होती. हेडमास्तर म्हणाले, बाहेर बस. ती म्हणाली, बसत नाही. त्यांनी दंडाला धरून ओढलं. तेव्हा चावली. तुम्ही तिला विचारलं का, काहून चावलीस?"

मी फक्त दगडांचं विचारलं होतं.

"आणि तिच्या वडलांनी ठाण्यात अर्ज दिलाय, ते माहीत आहे तुम्हाला?"

"कसला अर्ज?"

"रांजणाचा. शिवाशिवीविरुद्धचा कायदा आता कडक झालाय. अर्ज पुढे गेला तर हेडमास्तरांची नोकरी जाते, शाळेचीही चौकशी लागते. अर्जात साक्षीदार एकच आहे. मंगल." त्यांनी टेबलावरच्या दाखल्याच्या नकलेवर, माझ्या सहीवर एक बोट ठेवलं. "आता तीच वेडी. मग अर्जात राहिलं काय?"

आणि माणूस अडचणीत सापडला की जे करतो ते मी केलं.

"सिस्टर, तुम्ही त्यांच्या समाजाच्या आहात, म्हणून तुम्हाला असं वाटतं."

त्यांनी नकलेवरचं बोट उचललं.

"हो सर," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तिनं मला सांगितलं."

मी दुपारची एसटी धरून हिंगोलीला गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात ग्यानोबा भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून उठला. मी थांबलो नाही, तडक मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या चेंबरमध्ये गेलो. साहेब वयानं मोठे होते, सभ्य होते. मी सांगितलं की काल दिलेल्या दाखल्याबद्दल मला शंका आहे, मुलीला नीट तपासायला हवं.

"डॉक्टर, काल तुम्ही धोकादायक लिहिलंत."

"हो."

"आज म्हणता, नाही. यातला कोणता डॉक्टर मी खरा मानू?"

"सर, मी काल तिच्याशी नीट बोललो नव्हतो."

"मग लिहून द्या. कालचा दाखला तपासणी न करता दिला, चुकीचा आहे, असं स्पष्ट लिहा. मी हुकूम काढत नाही." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "आणि हा कागद तुमच्या खात्याकडे पाठवावा लागेल. कोर्टाला चुकीचं सर्टिफिकेट दिलं, म्हणून. ते माझं काम आहे. राग मानू नका."

त्यांनी मला धमकी दिली नव्हती. नियम सांगितला होता.

मी पेन उघडलं. माझे वडील शिक्षक होते, रिटायर झालेले. दोन बहिणी लग्नाच्या. प्रोबेशनचे सात महिने राहिले होते. हे सगळं त्या कागदावर दिसत होतं असं वाटलं. मी एक ओळ लिहिली: 'सदर मुलीचे पुढील निरीक्षण आवश्यक वाटते.'

साहेबांनी ती वाचली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनाही वेगळं काही अपेक्षित होतं.

"निरीक्षण तिकडंही होईल," ते म्हणाले आणि हुकमावर सही केली.

बाहेर ग्यानोबा वाट पाहत होता. "काय झालं साहेब?"

"प्रयत्न केला," मी म्हणालो.

त्यांनी तिला त्याच संध्याकाळी पूर्णेच्या गाडीनं न्यायचं ठरवलं. एक हवालदार आणि एक बाई पोलीस. मी स्टेशनवर का गेलो ते सांगता येत नाही. हळदीचा मोसम होता. मालधक्क्यावर पोती लागली होती, सगळीकडे तो कोरडा, तिखट वास. मंगल बाकावर बसली होती. सुंभ काढलं होतं. मनगटावर वळ होते. ग्यानोबा तिच्या पायाशी उकिडवा बसून तिला गाठोडं बांधून देत होता.

मी जवळ गेलो. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग स्वतःहून बोलली. मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"सर, आज शुक्रवार. येत्या बुधवारी मराठीचा पेपर हाये. तवर सोडतील का मला?"

वेडा माणूस ओळखताना डॉक्टर आधी हेच पाहतात. त्याला आपण कुठं आहोत, आज कोणता वार, पुढं काय होणार आहे, याचं भान आहे का. भान असेल तर त्याच्याशी बोलता येतं. तिला माझ्यापेक्षा जास्त भान होतं.

"सोडतील," मी म्हणालो.

ती आठ महिने मेंटल हॉस्पिटलात होती.

मी गप्प बसलो नाही, असं लिहायला आवडलं असतं. मी पत्रं लिहिली. पहिलं पत्र दीड महिन्यानं लिहिलं. उत्तर आलं की नातेवाइकांनी यावं, सांभाळायची हमी द्यावी आणि स्थानिक डॉक्टरचा दाखला आणावा. ग्यानोबा गेला, तर तिथले डॉक्टर रजेवर होते. पुन्हा गेला, तर कळलं की सुटकेचं ठरवणारी समिती पुढच्या महिन्यात बसते. प्रत्येक खेपेला त्याची तीनचार दिवसांची मजुरी बुडायची. सगळा पाठपुरावा सिस्टरांनी केला. अर्ज त्यांनीच लिहिले, माझ्या टेबलावर आणून ठेवले, सहीच्या जागी बोट ठेवलं. मी सह्या केल्या. दरम्यान माझं प्रोबेशन पूर्ण झालं. शेरा चांगला आला. 'स्थानिक लोकांशी उत्तम संबंध' असं त्यात होतं.

ठाण्यातला अर्ज निकाली निघाला. साक्षीदार मनोरुग्ण. हेडमास्तर पुढे त्याच शाळेतून सन्मानानं निवृत्त झाले.

सुशीला परीक्षेला बसली. सेकंड क्लास मिळाला. तिला पुन्हा कधी फिट आली नाही. तिच्यावर मी केलेला इलाज अगदी बरोबर होता. मेच्या सुटीत तिचं लग्न झालं. पत्रिका मलाही आली होती.

मंगल दिवाळीच्या आधी परत आली. सिस्टर तिला तपासायला घेऊन आल्या. केस कापलेले. हातांना बारीक कंप, तो औषधांचा. तिथं विजेचे झटके दिले होते. काही आजारांत ते उपयोगी पडतात. तिला यातला कुठलाच आजार नव्हता. झटक्यांनी अलीकडच्या आठवणी पुसल्या जातात, कधी परत येतात, कधी येत नाहीत. रांजणाचं तिला लख्ख आठवत होतं. अभ्यासाचं वाचलेलं मात्र निसटत होतं.

सिस्टरांनी तिचा बाहेरून मॅट्रिकला बसायचा फॉर्म भरला. रोज संध्याकाळी ड्यूटी संपली की तिला शिकवायच्या. पानभर वाचून झालं की मंगल पुस्तक मिटायची आणि विचारायची, "ताई, आता काय वाचलं?" ती परीक्षेला बसली. तीन विषय गेले. पुन्हा बसली नाही.

माझी बदली झाली तेव्हा निघण्याआधी मी त्यांच्या वस्तीत गेलो. आधी दोनदा ठरवूनही गेलो नव्हतो. मंगल एका शेतात हळद शिजवण्याच्या कामावर होती. मोठ्या कढईतनं उकडलेली हळद काढून बाया ती पसरत होत्या. कोपरापर्यंत हात पिवळे. मला पाहून ती काठावर आली. बसा म्हणाली नाही.

"मी चाललो," मी म्हणालो. "बदली झाली."

"सिस्टरताई सांगत व्हत्या."

मग मी जे बोलायला गेलो होतो ते राहिलं आणि तिनंच विचारलं.

"सर, मी तवा येडी व्हते का?"

"नव्हतीस."

"मंग तुमी काहून लिवलं?"

"घाबरलो होतो."

"कुनाला?"

अध्यक्षांना म्हणावं, तर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. "नोकरी जाईल म्हणून," मी म्हणालो.

पलीकडे कोणी तिला हाक मारली.

"आता लिवून द्याल का? येडी नव्हते म्हणून?"

माझ्या बॅगेत लेटरहेड होतं. मी तिथंच बांधावर बसून लिहिलं. या वेळी दुसऱ्या कोणाचं ऐकून काही लिहिलं नाही. तारीख, सही, शिक्का. तिनं कागद पिवळा होऊ नये म्हणून चिमटीत धरला आणि सगळा वाचला. अडखळत, पण सगळा.

"हे कुनाला दाखवायचं?" तिनं विचारलं.

मी विचार केला. शाळा, ठाणं, कोर्ट, बोर्ड. सगळीकडचं काम संपलेलं होतं. "ठेव जवळ," मी म्हणालो.

तिनं तो घडी करून पोलक्यात ठेवला आणि कामाला गेली.

त्यानंतर तेहतीस वर्षं नोकरी केली. तरुण मुलंमुली, फिट, घाबरणं, न बोलणं, विष घेणं, असे शेकडो पेशंट पाहिले. प्रत्येकाला आधी एकट्याला बसवलं. बाप, मास्तर, पोलीस, पुढारी, सगळे बाहेर. जे बाजेवर आले त्यांना जीपवाल्यांइतकाच वेळ द्यायचा म्हणून घड्याळ टेबलावर काढून ठेवत असे. घड्याळाशिवाय ते मला जमत नाही, हे कळून चुकलं होतं. माझ्या हाताखाली शिकलेले डॉक्टर याला माझा विक्षिप्तपणा म्हणायचे. कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मंगल हयात आहे. कुठं असते ते लिहू नका, असं तिनं कळवलं आहे. बाकीचं लिहायला तिची हरकत नाही.

वेडेपणाचा दाखला देण्याची पद्धत कायद्यात होती. दिलेला दाखला चुकला तर माणसाला त्याचं आयुष्य परत कसं द्यायचं, याचा फॉर्म नव्हता. मी सगळी कलमं नंतर वाचून काढली. आधी वाचायला हवी होती.